शेवटच्या टप्प्यातला कुत्रा घरी आणताना

प्राणी संस्थेच्या शेडमध्ये एखादा म्हातारा इंडी (देशी) कुत्रा भिंतीकडे तोंड करून पडलेला असतो. क्रिएटिनिन (किडनी किती काम करते हे दाखवणारा रक्तातला आकडा) सहाच्या वर गेलेलं, अन्नावरची वासना उडालेली, शेजारच्या पिंजऱ्यांतल्या भुंकण्याने धड झोपही नाही. हा आता बरा होणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलेलं असतं. अशा कुत्र्याला दोन आठवडे किंवा दोन महिने शांत कोपरा, वेदनेवर औषध आणि ओळखीचा एक माणूस मिळावा म्हणून फॉस्टर, म्हणजे त्याला तात्पुरतं घरी सांभाळणारा, लागतो. हा लेख हे काम पहिल्यांदाच अंगावर घेणाऱ्यांसाठी आहे. उदाहरण मुख्यतः किडनी निकामी होत आलेल्या कुत्र्याचं घेतलं आहे. कॅन्सर किंवा हृदयाच्या आजारात जिथे फरक पडतो तिथे तसं सांगितलं आहे.

शेवटचा निर्णय कशावरून आणि कोण घेणार, हे कुत्रा घरात येण्याआधी कागदावर हवं. जीव लागल्यानंतर ठरवायला बसलं की रोज "उद्या बघू" होतं, आणि त्या उद्यापर्यंतचं दुखणं कुत्रा सोसत राहतो.

आधी आजाराची खात्री

"हा आता जाणारच" असा शिक्का घेऊन आलेले काही कुत्रे योग्य औषधाने उठून चालायला लागतात. म्हणून होकार देण्याआधी फाईल मागा आणि पुढच्या गोष्टी तपासल्या गेल्यात का ते विचारा.

गोचिडांमुळे होणारा एर्लिकिया: कुत्रा फिकट पडतो, नाकातून रक्त येतं, प्लेटलेट खाली जातात, तो मरणाच्या दारात वाटतो. वेळेत सापडला तर डॉक्सिसायक्लिनच्या साधारण चार आठवड्यांच्या कोर्सने बहुतेक कुत्रे सावरतात. बोनमॅरो निकामी झाली असेल तर मात्र गोष्ट वेगळी.

रस्त्यावरच्या कुत्र्यांत दिसणारी टीव्हीटी ही जननेंद्रियाची गाठ: रक्त गळणारी, कोबीच्या फुलासारखी, बघवत नाही. पण व्हिन्क्रिस्टिनच्या आठवड्याला एक अशा चार-सहा इंजेक्शनांनी ती बहुतेक वेळा पूर्ण जाते. "कॅन्सर आहे" एवढं ऐकून थांबू नका, कोणता ते विचारा.

किडनीचा एकच रिपोर्ट: उन्हातान्हात पाण्याविना पडलेल्या कुत्र्याचं क्रिएटिनिन तसंही वर जातं. दोन-तीन दिवस सलाईन देऊन पुन्हा तपासल्यावर जो आकडा येतो तो धरायचा. त्यानंतरही ५ च्या वर राहिला तर तो जुन्या किडनीविकाराचा चौथा, म्हणजे शेवटचा टप्पा मानतात. पावसाळ्यात लेप्टोचीही तपासणी करून घ्या. लेप्टोत किडनी अचानक बंद पडते, उपचाराने परतही येते, आणि अशा कुत्र्याच्या लघवीतून माणसाला लागण होऊ शकते.

लहान गावात सोनोग्राफी किंवा एक्स-रे मिळत नसेल तर जिल्ह्याच्या पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात किंवा जवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात चौकशी करा. परळ, नागपूर, परभणी, उदगीर आणि शिरवळ इथे सरकारी महाविद्यालयं आहेत.

रेबीजचा जरासाही संशय असेल, म्हणजे अचानक बदललेला स्वभाव, लटकलेला जबडा, गिळता न येणं, तर त्या कुत्र्याला घरी न्यायचं नाही. इथे दया आड येऊ देऊ नका. त्याची जागा संस्थेच्या विलगीकरणातच आहे.

संस्थेशी काय ठरवायचं

तोंडी बोलणं नको. एका पानावर एवढं लिहून दोघांनी सह्या करा: औषधांचा आणि तपासण्यांचा खर्च कोणाकडे, नेहमीचा डॉक्टर कोण, रात्री दोन वाजता फोन कोणाला, गाडी कोण पाठवणार, दयामरणाला संमती देण्याचा अधिकार कोणाचा, आणि शव कुठे न्यायचं.

शेवटून दुसरा मुद्दा सगळ्यांत कळीचा. आपल्याकडे पांजरपोळांची जुनी परंपरा आहे, आणि काही संस्था तत्त्व म्हणून दयामरण देत नाहीत. ती त्यांची श्रद्धा. पण तुम्हाला ते आधी कळायला हवं. कुत्रा तडफडत असताना फोनवर हा वाद घालण्याची वेळ कोणावरही येऊ नये. नैसर्गिक मरण हाच रस्ता ठरला असेल तर तीव्र वेदनेचं औषध घरात किंवा हाकेच्या अंतरावर आहे, हे त्याच कागदावर लिहून घ्या. तेवढं नसेल तर आमचं मत स्पष्ट आहे: नाही म्हणा.

घरातल्यांशीही आधीच बोला. दत्ताच्या पायाशी बसलेल्या कुत्र्यांना हात जोडणाऱ्या आजीला "आपण त्याला इंजेक्शन देणार" हे त्या दिवशी सकाळी कळू नये. सोसायटीचा प्रश्न आला तर कुत्रा पाळण्यावर सरसकट बंदी घालता येत नाही, हे भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या मार्गदर्शक सूचनांत आहे. पण आजारी कुत्र्यासोबत भांडणाला ताकद उरत नाही. सेक्रेटरींना आधी भेटून "हा आजार पसरणारा नाही" असं डॉक्टरांचं पत्र दाखवलं की बहुतेक ठिकाणी भागतं.

घरात दुसरा कुत्रा असेल तर पहिले १४ दिवस दोघांना वेगळ्या खोल्या, वेगळी भांडी. डिस्टेंपर आणि पार्व्हो या कुत्र्यांतल्या साथीच्या आजारांची भीती दोन्ही बाजूंनी असते. आजारी कुत्र्याची प्रतिकारशक्ती तर आधीच संपत आलेली. जागाच नसेल तर हा कुत्रा दुसऱ्या घरी जाऊ द्या.

खोलीत काय लागतं

आपल्या घरातल्या गुळगुळीत फरशा हा अशक्त कुत्र्याचा मोठा शत्रू. मागचे पाय घसरले की तो उठायचंच सोडतो, आणि घरच्यांना वाटतं आजार वाढला. अंथरूण, पाणी आणि दार यांना जोडणारी रबरी मॅटची किंवा जुन्या योगा मॅटची एक वाट करा, मधे फट न ठेवता. एवढ्याने काही कुत्रे दुसऱ्याच दिवशी स्वतःहून पाण्यापर्यंत जातात.

अंथरुणाला चार इंची फोम, त्याला रेक्झिनचं कव्हर, वर जुनी चादर. नुसती गोधडी चालत नाही, हाडं खालच्या फरशीला टेकतात. चादरी सहा ते आठ हव्यात, पावसाळ्यात जास्त, कारण वाळत नाहीत. मेडिकलमध्ये मिळणारे ६० बाय ९० सेंटीमीटरचे अंडरपॅड आठवड्याला वीस-पंचवीस धरा. शिवाय वजनकाटा (त्याला उचलून तुम्ही काट्यावर उभे राहायचं आणि तुमचं वजन वजा करायचं), डिजिटल थर्मामीटर, हातमोजे, सुई नसलेल्या १० मिलीच्या सिरिंज, मच्छरदाणी, आणि पोटाखालून धरायला एक लांब टॉवेल.

पाण्याचं आणि खाण्याचं भांडं जमिनीपासून वीतभर उंच ठेवा. मान वाकवायला दुखत असेल तर तेवढ्यानेही फरक पडतो.

पहिले दोन दिवस

काही करायचं नाही. आंघोळ नको, पाहुणे नकोत, फोटो नकोत. औषधं वेळेवर, पाणी जवळ, मंद दिवा, आणि तुम्ही त्याच खोलीत पुस्तक घेऊन जमिनीवर बसलेले. रस्त्यावर वाढलेल्या कुत्र्याला वरून डोक्यावर येणारा हात हल्ल्यासारखा वाटतो. हात खाली, छातीच्या बाजूला ठेवा आणि हुंगू द्या. झोपलेल्याला हात लावून उठवू नका, आधी आवाज द्या. म्हाताऱ्या कुत्र्याला ऐकू येत नसेल तर त्याच्या अंथरुणाजवळ जमिनीवर थोपटा.

वेदनेत असलेला कुत्रा चावू शकतो, स्वभाव कितीही गरीब असला तरी. चावलाच तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पूर्ण १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन लस सुरू करा, कुत्र्याला लस दिलेली असली तरी डॉक्टरांना विचारूनच पुढचं ठरवा. वारंवार फॉस्टर करणार असाल तर रेबीजची प्रतिबंधक लस आधीच घेऊन ठेवणं शहाणपणाचं.

या दोन दिवसांत त्याचं नेहमीचं काय ते मोजून ठेवा. गाढ झोपेत असताना छाती मिनिटाला किती वेळा वर जाते? ३० च्या आत असेल तर ठीक. हिरड्या गुलाबी आहेत का? बोटाने दाबून सोडल्यावर रंग दोन सेकंदांच्या आत परत येतो का? १०१ ते १०२.५ फॅरनहाइट हे कुत्र्याचं नेहमीचं तापमान आहे. नव्या माणसाला ते तापासारखं वाटतं.

कातडीखाली सलाईन

किडनीच्या कुत्र्याला सगळ्यांत जास्त आराम यातून मिळतो, आणि नवा फॉस्टर सगळ्यांत जास्त यालाच घाबरतो. पहिल्या दोन वेळा डॉक्टरांसमोर स्वतःच्या हाताने द्या, नुसतं बघू नका. किती आणि किती दिवसांनी, हे डॉक्टरच सांगणार. हृदय कमजोर असेल तर हा प्रकार धोक्याचा आहे, फुप्फुसात पाणी भरतं. त्यामुळे छाती तपासल्याशिवाय सुरू करायचं नाही.

समजा १६ किलोचा कुत्रा आहे आणि डॉक्टरांनी १५० मिली आरएल (रिंगर लॅक्टेट हे सलाईन) सांगितलंय.

१. ५०० मिलीची आरएलची बाटली कोमट पाण्याच्या पातेल्यात दहा मिनिटं ठेवा. थेंब मनगटावर टाकून बघा, गारही नको आणि गरमही नको. डेक्स्ट्रोजची बाटली चुकून घेतली नाही ना, लेबल वाचून खात्री करा. साखरेचं सलाईन कातडीखाली देत नाहीत.

२. आयव्ही सेटची चकती बंद करून बाटलीला जोडा, वरचा कप अर्धा भरा, मग चकती उघडून नळीतली सगळी हवा जाऊ द्या आणि बंद करा.

३. बाटली खिडकीच्या गजाला, कुत्र्यापेक्षा तीन-चार फूट उंच टांगा. बाटलीवर चिकटपट्टी लावून आत्ताची पातळी आणि त्याखाली १५० मिलीची खूण पेनाने करा. अंदाजावर राहिलं की दोनशे जातं.

४. नवी सुई, १८ नंबर, गुलाबी टोपणाची. २० नंबरची पिवळी कमी दुखते पण वेळ दुप्पट लागतो, आणि तेवढा वेळ तो बसत नाही.

५. दोन खांद्यांच्या मधली कातडी अंगठा आणि दोन बोटांनी वर उचला. खाली तंबूसारखी पोकळी तयार होते. सुई पाठीला समांतर, त्या तंबूच्या तोंडातून आत घाला. चकती पूर्ण उघडा.

६. पाच ते दहा मिनिटांत ठरलेलं जातं. सुई काढून जागा अर्धा मिनिट चिमटीत धरा. एक-दोन गुलाबी थेंब आले तर चालतं.

खांद्यावर उंटासारखा उंचवटा येतो, तो गुरुत्वाकर्षणाने छातीकडे किंवा पुढच्या पायाकडे उतरतो. सहा-आठ तासांत जिरतो. पाय सुजला म्हणून रात्री फोन करणारे नवे फॉस्टर बहुधा हाच उंचवटा बघून घाबरलेले असतात. पण दुसऱ्या दिवशीही तो तसाच असेल तर पुढचा डोस देऊ नका, डॉक्टरांना सांगा. शरीराला आता ते पाणी पेलत नाही, असा त्याचा अर्थ असू शकतो.

चुकतं ते असं: केस ओले झाले म्हणजे सुई तंबूच्या पलीकडून बाहेर आली. थेंब थांबले म्हणजे सुईचं तोंड आतल्या पडद्याला टेकलं; सुई जागच्या जागी थोडी फिरवा. कुत्रा थरथरला म्हणजे सलाईन गार. आणि जुनीच सुई पुन्हा वापरली तर गळू होतं. दहा रुपयांच्या आतल्या वस्तूत काटकसर नको. वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत साठवा आणि दवाखान्यात परत द्या. कचरा वेचणाऱ्या माणसाच्या हातात त्या जाऊ नयेत.

खात नाही म्हणजे नेमकं काय

वाटीजवळ येतो, वास घेतो, ओठ चाटतो, लाळ गळते आणि मान फिरवतो. त्याला मळमळतंय, हे नखरे नाहीत. किडनी आणि लिव्हरच्या आजारात हे हमखास होतं. अशा वेळी चिकन बदलून मटण, मटण बदलून अंडं असा खेळ करण्याआधी मळमळीवरचं औषध मागा: ऑन्डान्सेट्रॉन किंवा मॅरोपिटंट. मळमळ थांबल्यावरही भूक नसेल तर मग भूक वाढवणारं मिर्टाझॅपिन. हा क्रम उलटा झाला तर कुत्र्याला भूक लागते आणि खाता येत नाही.

तोंडाला अमोनियासारखा उग्र वास येत असेल तर हिरड्या आणि जीभ बघा. युरिया वाढला की तोंडात फोड येतात आणि खाणं दुखतं. त्यावर तोंड धुण्याचं औषध मिळतं.

खाणं कोमट, चार-पाच वेळा, प्रत्येक वेळी दोन-तीन चमचे. मऊ भात आणि उकडलेल्या चिकनचं पाणी, अंड्याचा पांढरा, थोडा लाल भोपळा. फॉस्फरस वाढवणारी हाडं, कलेजी आणि वजडी टाळायची. पण एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. शेवटच्या दोन आठवड्यांत पथ्याचा आग्रह धरण्यात अर्थ उरत नाही. त्याला तुमच्या ताटातली तूप लावलेली पोळी हवी असेल आणि ती पचत असेल, तर द्या. कांदा, लसूण, द्राक्षं, मनुका, चॉकलेट आणि शिजवलेली हाडं मात्र कधीच नाही.

गोळी पनीरच्या गोळ्यात, बोराएवढ्या. पहिला गोळा रिकामा, दुसऱ्यात गोळी, तिसरा लगेच नाकासमोर धरलेला. तिसऱ्याच्या घाईत दुसरा चावायचा राहतो.

सिरिंजने भरवायचं असेल तर मान सरळ, गालाच्या कोपऱ्यातून २-३ मिली, गिळल्यावरच पुढचं. मान वर करून ओतलं की ते श्वासनळीत जातं आणि न्यूमोनिया होतो. गिळत नसेल तर थांबा. शरीर बंद होत आलं की भूक आधी जाते. तेव्हा जबरदस्तीने भरवण्याने त्याला नाही, फक्त आपल्याला बरं वाटतं.

दुखतंय हे कसं ओळखायचं

रस्त्यावरचा कुत्रा कण्हत नाही. दुखणं दाखवलं तर बाकीचे हाकलून लावतात, हे तो लहानपणीच शिकलेला असतो. म्हणून आवाजाची वाट बघू नका. बसतो-उठतो-परत बसतो, आडवा होत नाही. थंड खोलीतही धापा टाकतो. पोट आत घेऊन पाठ कमानीसारखी. एकच जागा सतत चाटतो. रात्री भिंतीकडे बघत उभा राहतो. हात लागताच कपाळाची कातडी आक्रसते. यातलं एकही रोज दिसत असेल तर औषध कमी पडतंय.

घरातल्या डब्यातलं काहीही देऊ नका. आयब्युप्रोफेन आणि डायक्लोफिनॅकने कुत्र्याच्या जठरात जखमा होतात आणि किडनी बसते. डायक्लोफिनॅकवर २००६ मध्ये जनावरांसाठी बंदी आली ती गिधाडांमुळे, पण कुत्र्यालाही ते विषच. मेलॉक्सिकॅम सांधेदुखीला उत्तम, पण किडनीच्या कुत्र्याला नको. संस्थेतून आलेल्या पिशवीत ते असेल तर देण्याआधी विचारा, कारण शेडमध्ये औषधांच्या पिशव्यांची अदलाबदल होते. गॅबापेंटिन या वेदनेवरच्या औषधाने पहिले दोन-तीन दिवस चाल झोकांड्या देणारी होते. घाबरू नका, पण अचानक बंदही करू नका. हाडाचा कॅन्सर असेल तर पाय कधीही मोडू शकतो आणि ती वेदना गोळ्यांनी आटोक्यात येत नाही. अशा कुत्र्याबाबत निर्णयाची तारीख लवकर धरावी लागते.

पडून राहिला की

दर दोन ते चार तासांनी कूस बदला, रात्री एकदा तरी गजर लावून. पोटावरून गोल फिरवू नका; पाय पोटाशी घेऊन, छातीवर बसवून, मग दुसऱ्या कुशीवर. कोपर, खुबा आणि घोटा रोज बोटांनी चाचपा. केस विरळ होऊन कातडी लाल दिसली की तिथे जखम येतेय.

आपल्या हवेत याहून मोठा धोका माशांचा. ओल्या चादरीवर, शेपटीखाली, कानाच्या घडीत, बोटांच्या बेचक्यात माशी अंडी घालते. केसांना चिकटलेले तांदळाच्या कण्यांसारखे पांढरे दाणे दिसले तर ती अंडी. दिवसभरात त्यांच्या अळ्या होतात आणि त्या जिवंत मांस खातात. दिवसातून दोनदा बॅटरी घेऊन या चार जागा बघा. दाणे दिसले तर केस कापून, बारीक कंगव्याने काढून, कोमट पाण्याने धुऊन पूर्ण कोरडं करा. जखम झालीच असेल तर डॉक्टर. टर्पेंटाइन ओतायचा जुना उपाय अजून सर्रास चालतो. अळ्या बाहेर येतात हे खरं, पण आतलं कच्चं मांस भाजून निघतं. मरायला टेकलेल्या जिवाला ती आग नको. मच्छरदाणी दिवसाही लावून ठेवा, हाच खरा उपाय.

लघवीत भिजलेली कातडी तासाभरात चुरचुरायला लागते. पुसून, कोरडी करून, खोबरेल तेलाचा किंवा झिंकविरहित मलमाचा पातळ थर (झिंक चाटण्यात गेलं तर विषारी). १२ तासांत लघवीच झाली नाही तर तो दवाखान्याचा मामला.

वहीतले हिरवे आणि लाल दिवस

पहिल्या दिवशी त्याला आवडणाऱ्या तीन गोष्टी एका वहीत लिहा. दारात उन्हात बसणं. संध्याकाळी गेटपर्यंत जाणं. डबा उघडल्याच्या आवाजाला कान टवकारणं. रोज रात्री बघायचं, आज यातल्या किती झाल्या. दोन किंवा तीन झाल्या तर कॅलेंडरवर हिरवी खूण, नाहीतर लाल.

यासोबत पशुवैद्यक डॉ. अ‍ॅलिस व्हिलालोबोस यांचं जगभर वापरलं जाणारं मोजमाप आठवड्यातून दोनदा भरा. वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि वाईटापेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का, अशा सात बाबींना प्रत्येकी शून्य ते दहा गुण. बेरीज ३५ च्या वर असेल तर जगणं सुसह्य मानतात. वेदनेचे गुण देताना श्वासाचाही विचार करतात: श्वास लागत असेल तर बाकीचे गुण कितीही असोत, थांबू नका.

भरणारा माणूस एकच नको. रोज सांभाळणाऱ्याला हळूहळू होणारी घसरण दिसत नाही. आठवड्यातून एकदा येणाऱ्या कार्यकर्त्याला स्वतंत्र कागदावर भरायला सांगा. दोघांच्या आकड्यांत दहाचा फरक पडला की बोलायची वेळ आली.

सलग तीन लाल दिवस किंवा बेरीज ३५ च्या खाली दोनदा, म्हणजे डॉक्टरांना वेळ मागायची. असं काहीतरी ठोस तुमच्या पहिल्या दिवसाच्या कागदावर हवं. मधेच एक दिवस तो उठून शेपटी हलवेल. त्या दिवसाने ठरलेली वेळ रद्द करू नका. तो दिवस त्याच्याजवळ बसून घालवा.

कॅलेंडरची वाट न बघता तातडीने निघायचं ते असं: झोपेत श्वास ४० च्या वर, हिरड्या पांढऱ्या किंवा निळसर, पाच मिनिटांपेक्षा लांबलेली फिट, फुगलेलं पोट आणि कोरड्या उलट्या, अचानक कोसळणं. फिट आली तर तोंडात हात किंवा चमचा घालू नका. पंखा लावा, दिवा मालवा, घड्याळ बघा.

निरोपाचा दिवस

भटक्या कुत्र्यांबाबत २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत तरतूद आहे: बरा न होणारा आजार किंवा प्राणघातक जखम असल्याचं निदान झाल्यावर पात्र पशुवैद्यकानेच, वेदनारहित पद्धतीने, दुसऱ्या कुत्र्यासमोर न करता दयामरण द्यायचं. म्हणून निदानाचा कागद, संमतीपत्र आणि नोंद संस्थेमार्फतच होऊ द्या.

वेळ ठरवताना डॉक्टरांना हे विचारा: आधी गुंगीचं इंजेक्शन देणार का, शिरेत कॅन्युला (औषध देण्याची बारीक नळी) लावणार का, औषध कोणतं, घरी येणार का, फी किती. अपेक्षित उत्तर असं की आधी गुंगी, कुत्रा पूर्ण बेशुद्ध झाल्यावर मग पेंटोबार्बिटल किंवा थायोपेंटोनचा जास्त डोस. मॅग्नेशियम सल्फेट किंवा पोटॅशियम क्लोराइड हे गाढ भूल दिल्यानंतरच चालतं. शुद्धीत असलेल्या कुत्र्याला ते देणं क्रूर आहे. कोणी "गुंगीची काय गरज" म्हणालं तर नम्रपणे दुसरा डॉक्टर शोधा. हा हट्ट धरण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे, कारण त्याच्या वतीने बोलणारं दुसरं कोणी नाही.

सकाळची वेळ घ्या, उन्हाळ्यात तर नक्की. पुढची व्यवस्था उजेडात होते. शेवटचं आवडतं खाणं आदल्या संध्याकाळी पोटभर. त्या सकाळी चार घास, कारण गुंगीच्या काही औषधांनी उलटी होते. वेदनेच्या गोळ्या चुकवू नका. अंथरूण आहे तिथेच ठेवा, खाली दोन अंडरपॅड, घरातला दुसरा कुत्रा वेगळ्या खोलीत.

गुंगी चढायला दहा-वीस मिनिटं लागतात. तुमचा हात त्याच्या छातीवर, तोंड त्याच्या कानाजवळ, आवाज रोजचाच. "चल, झोपूया" असं रोज म्हणत असाल तर तेच म्हणा. मग डॉक्टर पुढच्या पायावरचे केस काढून औषध देतात, आणि एक-दोन मिनिटांत छाती थांबते.

डोळे उघडेच राहतात. एक-दोन खोल उसासे येऊ शकतात, पायाची बोटं हलू शकतात, लघवी-शी होते. तो परत आलेला नसतो, दुखतही नसतं. स्नायूंमधला उरलेला ताण सुटतो. डॉक्टरांनी स्टेथोस्कोपने काही मिनिटं ऐकून आणि डोळ्याला हलकेच स्पर्श करून खात्री सांगेपर्यंत हात काढू नका.

तुम्हाला समोर थांबणं जमणार नसेल तर तसं आधी सांगा, आणि त्याच्या ओळखीचा दुसरा माणूस थांबवा.

लहान मुलांना "तो झोपला" असं सांगू नका, ती झोपायला घाबरतात. "तो मेला, त्याला खूप दुखत होतं आणि डॉक्टरांना ते बरं करता येत नव्हतं" एवढं पुरे. आपल्याला ताप आल्यावर देतात ते इंजेक्शन वेगळं, हेही लगेच सांगा.

त्यानंतरचे काही तास

शरीर काही तासांत ताठ होतं, त्याआधी पाय पोटाशी घेऊन कुशीवर ठेवा. सुती चादरीत गुंडाळा, प्लास्टिकमध्ये नाही. पोटाशी बर्फाच्या पिशव्या ठेवल्या तर आपल्या उकाड्यात चार-सहा तास निघतात. घरातल्या दुसऱ्या कुत्र्याला आता आत येऊ द्या. तो हुंगेल, कदाचित लगेच निघून जाईल, कदाचित शेजारी बसेल. ज्यांना हे बघायला मिळत नाही ते कधीकधी पुढे कित्येक दिवस दारात वाट बघत बसतात.

मुंबईत मालाडला महापालिकेची प्राण्यांसाठीची दहनभट्टी २०२३ पासून आहे. बाकी शहरांत महापालिकेच्या आरोग्य किंवा पशुवैद्यकीय विभागाकडे आधीच फोन करून वेळ आणि लागणारी कागदपत्रं विचारून ठेवा. स्वतःच्या जमिनीत पुरायचं असेल तर किमान चार फूट खोल, विहीर आणि ओढ्यापासून लांब, वरून दगड रचून. दयामरणाचं औषध शवात टिकून राहतं; उकरून खाल्लेली कुत्री, घारी, गिधाडं त्याने मरतात. उघड्यावर किंवा कचरापेटीत ठेवणं म्हणूनच अजिबात नाही.

फोडलेली औषधं टाकून द्या, न उघडलेली आणि उरलेली आरएल संस्थेला परत करा. फोमचं कव्हर धुऊन उन्हात टाका. वहीची एक प्रत संस्थेच्या डॉक्टरांकडे जाऊ द्या: कोणत्या दिवशी मळमळ वाढली, कोणता डोस पुरला, पहिली लाल खूण कधी पडली. पुढच्या किडनीच्या कुत्र्याचा फॉस्टर हीच पानं आधी वाचेल.

पुढच्या कुत्र्यासाठी फोन लगेच येतो, कधीकधी त्याच आठवड्यात, कारण शेडमध्ये जागा नसते. महिनाभर नाही म्हणालात तरी चालतं. रबरी मॅट तेवढ्या गुंडाळून कपाटावर ठेवा.